स्टॉकहोमला सहकुटुंब सहपरिवार: वाचकांचे प्रश्न

पॅरिस आणि स्वित्झर्लंड करून झालेली मंडळी आता आणखी उत्तरेकडे बघू लागली आहेत. या वेळची निवडक पत्रं सगळी स्टॉकहोमची, आणि सगळी घोळक्याने जाणाऱ्यांची.

प्रश्न : सासू-सासरे (७४ आणि ६९), आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि १४, ९ व ५ वर्षांची तीन मुलं असे नऊजण जूनमध्ये पाच दिवस जाणार आहोत. जो तो म्हणतो, फार महाग पडेल. खर्च कुठे वाचेल? (एक सूनबाई, ठाणे)

महाग आहेच. हिशेबाला एक क्रोन (स्वीडनचं चलन, अनेकवचन क्रोनर) म्हणजे दहा रुपये धरा, गुणाकार सोपा होतो. संध्याकाळी बऱ्यापैकी रेस्टॉरंटात एका माणसाची मुख्य डिश अडीचशे क्रोनरच्या घरात जाते. नऊजणांचे वीस-बावीस हजार रुपये झाले, आणि त्यात अजून कोणी काही प्यायलेलं नाही.

पण हेच शहर दुपारी बरंच स्वस्त असतं. सोमवार ते शुक्रवार, साधारण ११ ते २ या वेळात बहुतेक ठिकाणी 'डागेन्स लंच', म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं जेवण, मिळतं. दीडशे क्रोनरच्या आसपास मुख्य पदार्थ, सोबत सॅलड, ब्रेड आणि वर कॉफी. तिथले नोकरदार हेच खातात. तेव्हा पोटभर जेवण दुपारी करा आणि रात्री मुक्कामी खिचडी टाका. हॉटेल घेतलंत तर नाश्ता धरूनच घ्या. तो भरपूर असतो. पाणी नळाचं प्या, उत्तम असतं. टिप देण्याची सक्ती कुठेही नाही.

आता खरी गोष्ट. मोठ्या कुटुंबाचा पैसा महागाईपेक्षा 'सगळ्यांनी सगळं मिळून करायचं' या हट्टात जास्त जातो. नऊजणांचं वऱ्हाड एका तिकीटखिडकीसमोर उभं राहतं, आत गेल्यावर चारजण बाकावर बसतात आणि पाच वर्षांचा मुलगा रडतो. दिवसाला एकच गोष्ट एकत्र करा. बाकी वेळ दोन-तीन गट पाडा.

एकत्र करण्यासारखं पहिलं ठिकाण वासा संग्रहालय. १६२८ साली वासा नावाचं हे युद्धनौकेचं धूड पहिल्याच प्रवासात, बंदरातून जेमतेम १३०० मीटर जाऊन बुडालं. १९६१ मध्ये वर काढलं आणि आता ते जवळजवळ अख्खं उभं आहे. वर तोफांचा भार जास्त आणि नौकेचा तळ त्या मानाने अरुंद, म्हणून ती कलंडली. आजोबांना आणि चौदा वर्षांच्या नातवाला एकाच वेळी रस वाटेल अशा जागा कमी असतात, ही त्यातली एक. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, त्यामुळे तुम्हाला तिकिटं सहाच लागतील.

तिथून पुढे फुटा. मुलांना घेऊन दोघांनी जवळच्या स्कान्सेनला जावं. १८९१ पासूनचं हे खुलं संग्रहालय आहे. जुनी घरं, अस्वलं आणि धावायला मोकळी जागा. सासू-सासऱ्यांना मात्र शहराच्या मध्याकडे, स्लुसेनला जाणाऱ्या फेरीबोटीत बसवा. शहर वाहतुकीच्या, म्हणजे 'एसएल'च्या, तिकिटावरच ती चालते. महागड्या पर्यटक बोटीतून दिसणारं बरंचसं पाणी आणि गामला स्तान या जुन्या शहराचे मनोरे इथूनही दिसतात.

तिकीट काढताना एक लक्षात ठेवा. एसएलमध्ये ७ वर्षांखालचं मूल मोठ्यांबरोबर मोफत, आणि २० वर्षांखालच्यांना व ज्येष्ठांना सवलत असते. बँकेचं कार्ड थेट यंत्राला टेकवलं की पूर्ण भाडं कापलं जातं. म्हणून सवलतीची तिकिटं अ‍ॅपवर काढा. सगळी प्रेक्षणीय स्थळं एकाच पासात देणारे महागडे पास तुमच्या मंडळींना परवडणार नाहीत. ते दिवसाला चार ठिकाणं पळत करणाऱ्यांसाठी असतात.

प्रश्न : माझा भाचा स्टॉकहोमच्या किस्ता भागात नोकरी करतो. 'मावशी, हॉटेल कशाला, सगळे माझ्याकडेच या' म्हणतो. आम्ही सातजण आहोत. जावं का? (पुणे)

भाच्याचं मन मोठं आहे, घर मोठं असेलच असं नाही. तिथे तरुण नोकरदार बहुधा एक-दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहतात. इमारतीतलं सामायिक धुलाईघर वेळ राखून वापरायचं असतं आणि रात्री उशिरापर्यंत गप्पांचा आवाज शेजाऱ्यांना चालत नाही. तुम्ही दोघं त्याच्याकडे राहा, बाकीच्यांनी त्याच मेट्रोमार्गावर अपार्टमेंट घ्यावं. रात्रीचं जेवण एखाद-दोनदा त्याच्याकडे, पण वाणसामान तुम्ही भरा. तो नको म्हणेल, तरीही भरा.

किस्ताचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. ते निळ्या मार्गावर आहे आणि स्टॉकहोम मेट्रोची सगळ्यात देखणी स्थानकं याच मार्गावर आहेत. टी-सेंट्रालेन या मध्यवर्ती स्थानकात पांढऱ्या खडकावर रंगवलेल्या निळ्या वेली, तर सोलना सेंट्रमला आगीसारखं लाल छत आणि त्याखाली हिरवं जंगल. हे जंगल १९७५ मध्ये रंगवलं ते जंगलतोड आणि गावं ओस पडण्याच्या चिंतेतून. येता-जाता एकेका स्थानकावर उतरा, पुढच्या गाडीने निघा. वेगळं तिकीट लागत नाही.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, आई अंडंही खात नाही. घरून काय न्यावं? (नाशिक)

आधी काय नेऊ नये ते सांगते. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खवा घरीच ठेवा. ताजी फळं-भाज्याही रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत, तेव्हा हापूसची पेटी नाही आणि फोडणीसाठी कढीपत्त्याची जुडीही नाही.

तेलातल्या दशम्या, भडंग, मेतकूट, चटण्या, भाजलेला रवा, पोहे, मूगडाळ-तांदूळ हे सगळं न्या. दूध, दही, लोणी तिथे सुरेख मिळतं. पाकिटावर 'वेगन्स्क' असेल तर अंडं आणि दूध दोन्ही नाही. नुसतं 'वेगेटारिस्क' असेल तर अंडं असू शकतं. केक-बिस्किटांच्या बाबतीत आईंसाठी हे बघाच.

आणि हो, भाड्याच्या घरात मिरचीची खमंग फोडणी देताना पंखा लावा, खिडकी उघडा. नाहीतर धुराचा भोंगा वाजायचा.

प्रश्न : विमानतळावरून टॅक्सी करावी का? (नागपूर)

स्वीडनमध्ये टॅक्सीचे दर सरकार ठरवत नाही. एकाच रांगेतल्या दोन गाड्यांच्या भाड्यात मोठा फरक असू शकतो. खिडकीवरच्या दरफलकावर १० किलोमीटर आणि १५ मिनिटांच्या प्रवासाचा तुलनेचा दर लिहिलेला असतो, तो वाचून मगच बसा आणि शहरापर्यंतचं ठरावीक भाडं आधी विचारा. सामान आणि वडीलधारे असतील तर मी विमानतळाची बस सुचवेन. पाऊण तासात मध्यवर्ती स्थानकाजवळ सोडते.

प्रश्न : मोठे दीर कोणालाच पाकीट काढू देत नाहीत. आम्हाला संकोच वाटतो. (कोल्हापूर)

या शहरात तो संकोच फार महाग पडेल, तुम्हाला नाही तर त्यांना. निघण्याआधी घरीच बसून ठरवा. मुक्काम, वाणसामान आणि एकत्र पाहायची ठिकाणं सामायिक. कॉफी, खरेदी, मुलांचे हट्ट ज्याचे त्याने. सामायिक रक्कम प्रत्येक कुटुंबाने आधीच जमा करायची. दिरांना मान द्यायचा असेल तर एक जेवण त्यांच्याकडून, आणि तेही दुपारचं! तिथे अनेक दुकानं रोख घेतच नाहीत, म्हणून प्रत्येक जोडप्याकडे स्वतःचं चालणारं कार्ड हवं. एकाच्याच कार्डावर सगळे अवलंबून असले की हिशेब पुन्हा तिथेच येतो.

प्रश्न : जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गेलो तर? (डोंबिवली)

रात्री दहापर्यंत उजेड मिळेल. झोपायला डोळ्यांवरच्या पट्ट्या न्या. मात्र १९ ते २५ जूनच्या दरम्यान येणारा शुक्रवार कॅलेंडरमध्ये बघून ठेवा. त्या दिवशी मिडसमर हा उन्हाळ्याच्या मध्याचा सण साजरा होतो, शहर गावाकडे जातं आणि अनेक दुकानं व रेस्टॉरंटं बंद राहतात. आदल्या दिवशी दूध-भाजी भरून ठेवा आणि तो दिवस स्कान्सेनला द्या. तिथे फुला-पानांनी सजवलेला खांब उभारून त्याभोवती नाच चालतो.