साखर सोडली, तरी साखर वाढली

"मॅडम, मी चहासुद्धा बिनसाखरेचा पिते हो. मग हे आलं कुठून?" रिपोर्ट माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या. वय ४६, कोथरूडला घर, बँकेत खुर्चीवरची नोकरी. वजन ७४ किलो, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्तचाचणी) ६.१. म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर.

हा प्रश्न मला सारखाच ऐकायला मिळतो. सगळ्यांचा राग साखरेच्या डब्यावर.

मी विचारलं, "मिक्सर चालू असताना दाराची बेल ऐकू येते?"

"नाही. दूधवाला दोनदा परत गेलाय."

तसंच आहे हे. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. इन्सुलिनने बेल दिली की पेशीच्या आत दडलेली साखरेची दारं पृष्ठभागावर येतात. वजन वाढून चरबीला नेहमीच्या जागा पुरेनाशा झाल्या की ती स्नायूंतही साठते, आणि तिचे काही घटक इन्सुलिनचा निरोप आतच अडवतात. हा मिक्सर. मग इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड बेल दाबतच राहतं. कित्येक वर्षं रिपोर्ट नॉर्मल येतात ते त्याच्या या जादा मेहनतीवर.

"पण आमचे हे तर काडीपैलवान, त्यांचीही वाढलीय!"

त्याचं उत्तर पुण्यातच आहे. इथल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबतचा स्वतःचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच २२.३, चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. काटा फक्त किलो सांगतो. म्हणून मी कंबरेला टेप लावतेच. बाईंची भरली ९२ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांना ८० पुरे.

उपाय ऐकून त्या जरा हिरमुसल्या. काढा नाही, मेथीदाणे नाहीत. पाच किलो कमी करायचे, आणि रात्री जेवल्यावर सोसायटीतच वीस मिनिटं चालायचं. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता दारं उघडतो. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या अभ्यासात वजन सात टक्के घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढ्याच उद्दिष्टावर मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं होतं. पोळ्या मोजा, पण उसळ-ताक सोडू नका, असंही बजावलं. उपाशी राहून स्नायूच झिजवणारे मी बरेच पाहिलेत.

सहा महिन्यांनी आल्या. ७० किलो, ५.८. रविवारी नवऱ्याला घेऊन वेताळ टेकडीही चढतात म्हणे.

"आता हापूस?"

"अर्धा. जेवणातच, एक पोळी कमी करून."

"अर्धा आंबा कोण कापतं हो मॅडम?"

"उरलेला काडीपैलवानांना."

"त्यांनाही अर्धाच ना?"