दीड लाखाचं ॲप आणि मे महिन्यातली भिरंडं

डिचोली तालुक्यातल्या एका गावातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते सरकारी शाळेत कारकून आहेत. मुलगी २३ वर्षांची, बी.कॉम. झालेली. घरची भिरंडांची, म्हणजे कोकमाची, झाडं आहेत; आई आणि काकू दरवर्षी सोलां (वाळवलेली आमसुलं) आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) करतात. मुलीनं दोन वर्षांपूर्वी इन्स्टाग्रामवर पान काढलं आणि गेल्या हंगामात आगळाच्या २१० बाटल्या आणि ४० किलो सोलां विकली. बाटलीमागे ६० रुपये सुटतात, सोलांच्या किलोमागे दीडशे. आता तिला दीड लाख रुपये खर्चून स्वतःचं ॲप काढायचं आहे. वडील विचारतात: कर्ज काढावं का? आणि सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी सोडू द्यावी का? पत्राखाली मुलीनं आपल्या अक्षरात दोन ओळी जोडल्या आहेत: "बाबांना समजावा. हल्ली सगळं ऑनलाइनच चालतं."

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत कामाची ओळ तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिली आहे. "पर्वरीच्या एका बाईंनी दोनदा बाटल्या नेल्या. तिसऱ्यांदा मागितल्या तेव्हा आमच्या हिनं उत्तरच दिलं नाही, मेसेज खाली गेला म्हणे." परत परत मागणारं गिऱ्हाईक मिळालं आहे, म्हणजे माल चांगला आहे, याबद्दल वाद नको. आणि मेसेज खाली जातो, म्हणजे धंदा नेमका कुठे गळतो तेही कळलं. दीड लाखाच्या ॲपनं ती गळती थांबणार नाही. पर्वरीच्या बाई दोन बाटल्यांसाठी फोनमध्ये आणखी एक ॲप कशाला घालतील? त्यांनी व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, त्यांना तिथेच उत्तर हवं होतं.

हिशेब तर सरळ आहे. २१० बाटल्यांचे १२,६०० आणि सोलांचे ६,०००. वर्षाला सुटतात १८,६०० रुपये, तेही आई आणि काकूची मजुरी न धरता. दीड लाख फिटायला आठ वर्षं लागतील. शिवाय ॲप एकदा केलं की संपत नाही. दरवर्षी त्याची डागडुजी, सर्व्हरचं भाडं, फोनची प्रणाली बदलली की पुन्हा दुरुस्ती. कोटेशन देणाऱ्या गृहस्थांनी हे कागदावर लिहिलं आहे का, ते एकदा पाहा.

मग काय करायचं? इथून पुढचं मी थेट तिच्याशी बोलतो.

बाय, आधी स्वतःच्या नंबरवरून धंदा करणं थांबव. वेगळं सिम घे आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस घाल. ते फुकट आहे. त्यात कॅटलॉग करता येतो: आगळ, सोलां, असेल तर काजू, प्रत्येकाचा फोटो, वजन, किंमत. पण तुझ्या कामाची गोष्ट आहे लेबलं. नवी ऑर्डर आली की तिच्यावर 'नवी ऑर्डर', पैसे यायचे असतील तर 'पैसे बाकी', हाती पडली की 'पोचली'. रात्री जेवून झाल्यावर 'नवी ऑर्डर' एवढंच लेबल उघडायचं. पर्वरीच्या बाई तिथे दिसल्याच असत्या.

तयार उत्तरंही साठवून ठेवता येतात. सोलां विकणाऱ्याला येणारा ठरलेला मेसेज तुला माहीत असेलच: पाकिटाचा फोटो आणि खाली "ह्याला बुरशी आलीय". आलेलं असतं मीठ. सालाच्या कडेला पांढरे कण सुटतात आणि शहरातलं माणूस घाबरतं. दर वेळी नव्यानं समजावत बसू नकोस. दोन ओळींचं उत्तर लिहून ठेव, आणि त्याच्यासोबत काकूचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ: सालं मिठाच्या रसात बुडवून पुन्हा उन्हात टाकते आहे, बोटं लालजांभळी झाली आहेत आणि ती आपल्या बोलीत सांगते आहे की हे कितवं पुट. गाणं लावू नकोस, काकूचा आवाज पुरे. तुझ्या पानावर सोलांपेक्षा सूर्यास्त जास्त आहेत, असं बाबांनी लिहिलं आहे. गोव्यातले सूर्यास्त विकायला बाकीचे पुष्कळ बसले आहेत.

एक अडचण आधीच सांगतो. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी करून एकदम सगळ्यांना मेसेज टाकता येतो, पण ज्यांनी तुझा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो पोचतो. म्हणून प्रत्येक बाटलीसोबत चिठ्ठी दे: "हा नंबर सोलां-आगळ या नावानं सेव्ह करा." साधी गोष्ट आहे, पण यादीतली अर्धी माणसं इथेच गळतात.

दुसरं हत्यार म्हणजे गूगल शीट. बी.कॉम. केलंस, तेव्हा हे तुला शिकवायला नको. तारीख, नाव, गाव, काय घेतलं, किती, पैसे कसे आले, पुन्हा कधी मागितलं. शेवटचा रकाना सोन्याचा. सहा महिने प्रामाणिकपणे भरलास की दिसेल, कुठल्या घरात बाटली किती दिवसांत संपते. ती संपायच्या आठवडाभर आधी त्या घरी मेसेज गेला पाहिजे. तुझ्याएवढ्या धंद्याला याहून मोठी यंत्रणा लागत नाही.

आता कर्जाचं. इथे मी मुलीच्या बाजूनं थोडा झुकतो, पण ॲपसाठी नाही. भिरंडं एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि पाऊस पडायच्या आत सगळं आवरावं लागतं. घरची झाडं २१० बाटल्यांना पुरली. पाचशे करायच्या तर शेजाऱ्यांची फळं विकत घ्यावी लागतील, मीठ, बाटल्या, दोन बायकांची मजुरी, सगळं पाच-सहा आठवड्यांत रोखीनं. विक्री मात्र वर्षभर हळूहळू. म्हणजे पैशाची चणचण आहे ती मे महिन्यात. मुद्रा योजनेतल्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं आणि त्याला तारण लागत नाही. राज्याची मुख्यमंत्री रोजगार योजना पणजीचं ईडीसी (आर्थिक विकास महामंडळ) चालवतं, तिथेही चौकशी करा. पण त्याआधी एक करून बघा. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची रीत अजून गेलेली नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनाही वर्षाची सोलां मे महिन्यातच हवी असतात, फक्त भरवशाचं घर माहीत नसतं. तिनं मार्चमध्ये शीटमधल्या सगळ्या नावांना मेसेज टाकावा: यंदाची सोलां आणि आगळ आजपासून नोंदवा, निम्मे पैसे आगाऊ, माल मेअखेर. शंभर घरांनी पाचशे-पाचशे दिले तर ५० हजार झाले, बिनव्याजी. पाऊस लवकर आला तर काय, हेही त्याच मेसेजमध्ये लिहावं: माल कमी झाला तर पैसे परत. आगाऊ देणारी माणसं तीसच निघाली, तर पाचशे बाटल्यांचा विचार यंदा नको, हेही त्यातूनच कळेल.

पैसे घेताना काळजी घ्या. यूपीआयवर साध्या बँक खात्यातून आलेल्या पैशांवर दुकानदाराला काही कापलं जात नाही, म्हणून ते सोयीचं. धंद्यासाठी वेगळं खातं उघडा, नाहीतर वर्षअखेरीस आईच्या औषधांचे पैसे कुठले आणि बाटल्यांचे कुठले, कळत नाही. आणि घरातल्या सगळ्यांनी पाठ करून ठेवावं: पैसे घ्यायला पिन लागत नाही. "मी लष्करात आहे, पन्नास बाटल्या हव्यात, हा कोड स्कॅन करा, पैसे येतील" असा फोन येतोच. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉटही खरा मानू नका. खात्यात दिसले तरच बाटली हलवायची. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

पोचवण्याची गोष्ट इथे गोव्यात वेगळी आहे. म्हापशाच्या बसवाल्याच्या हातात पिशवी द्यायची आपली जुनी पद्धत वाईट नाही. पण रोज एक-एक बाटली पाठवायला गेलात तर ६० रुपये वाटेतच संपतील. आठवड्यातला एक वार ठरवा. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, तेव्हा म्हापसा आणि पर्वरी एकत्र. गिऱ्हाइकाकडून पत्ता मागू नका, लोकेशन मागा. 'देवळाच्या मागे, चढणीवर तिसरं घर' यात शुक्रवार संपतो. आणि बाटली नवी असेल तर भरून, झाकण लावून, रात्रभर कागदावर आडवी ठेवा. सकाळी कागदावर लाल डाग दिसला तर ती बाटली घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

पुणे-मुंबईच्या ऑर्डरी येतात म्हणता. इथे थांबा. राज्याच्या आत वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. पण करपात्र माल राज्याबाहेर विकला की उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी करावी लागते. आपल्याला हा नियम जरा जास्तच बोचतो. पुण्यातला उद्योजक नागपूरला बिनघोर पाठवतो. तुमच्या गावातून दोडामार्ग हाकेच्या अंतरावर, पण तिथे पार्सल गेलं की ती दुसऱ्या राज्यातली विक्री. कमी कटकटीची म्हणून जीएसटीची कंपोझिशन योजना (उलाढालीवर ठरावीक दरानं कर) कुणी सुचवेल, पण त्या योजनेत राज्याबाहेर माल विकता येत नाही. म्हणून माझं मत असं, की पहिली दोन वर्षं गोव्यातच विका. पणजी, मडगाव, वास्को, फोंडा इथे तुमची बाटली अजून पोचलेली नाही. मोठ्या ऑनलाइन बाजारांवर विकायचं असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही आपल्या राज्यापुरतं विकता येतं. जीएसटीच्या पोर्टलवर नावनोंदणीचा क्रमांक तेवढा घ्यावा लागतो. पण त्यांचं कमिशन आणि किलोभर वजनाच्या बाटलीचा पाठवणीचा खर्च धरल्यावर हातात काय उरतं, ते आधी मांडा. राज्याबाहेर जायचं ठरलं की एखाद्या कर सल्लागाराकडे बसून नोंदणी करा, लपूनछपून नको.

कागदपत्रांतलं बाकीचं भराभर. खाद्यपदार्थ आहे, तेव्हा एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी हवीच. ती त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर होते आणि १४ अंकी क्रमांक मिळतो, तो लेबलवर छापायचा. लेबलवर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी नंबर. वजनाचा काटा प्रमाणित करून घेतलेला असू दे. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) आधार क्रमांकावर होते आणि पूर्ण फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ उघडलं तर ते सरकारी नाही. काजू विकलात तर एक लक्षात ठेवा: गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला आहे, पण तो शिक्का अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाल्याशिवाय पाकिटावर लावता येत नाही. प्रक्रियेबद्दल शिकायचं असेल, बाटली किती महिने टिकते हे नीट समजून घ्यायचं असेल, तर जुन्या गोव्याचं कृषी विज्ञान केंद्र गाठा. ॲपवाल्याकडे जायच्या आधी तिथली एक फेरी जास्त कामाची.

राहिली नोकरी. तुम्ही लिहिता, "एकदा सरकारी नोकरी लागली की आम्ही सुटलो." गोव्यात कुठला बाप हे म्हणत नाही! राज्याच्या कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा तिनं द्याव्यात, अभ्यास सोडू नये. पण घाई कशाची? राज्याच्या बहुतेक पदांना वयोमर्यादा ४५ वर्षांची आहे, तिला २३ वं लागलंय. सकाळी तीन तास अभ्यास, संध्याकाळी धंदा, असं दोन हंगाम चालू दे. एप्रिल-मेमध्ये अभ्यास बाजूला राहील, ते आधीच मान्य करा, नाहीतर रोज भांडण.

मात्र एका नियमाकडे तुमच्या घरात कुणी पाहिलेलं दिसत नाही. सरकारी नोकराला पूर्वपरवानगीशिवाय व्यापार करता येत नाही, आणि त्याच्यावर अवलंबून असलेलं घरातलं कुणी व्यापार करत असेल, तर ते सरकारला कळवावं लागतं. हे आज तुम्हाला लागू आहे. मुख्याध्यापकांमार्फत साधं पत्र देऊन पोच घेऊन ठेवा, आणि शाळेच्या कचेरीत बाटल्या न्यायचं थांबवा. पत्रात ते तुम्ही अभिमानानं लिहिलंय, पण बरं दिसत नाही. उद्या तिला नोकरी लागली तर हाच प्रश्न तिच्यापुढे येईल. म्हणून एफएसएसएआय, उद्यम आणि बँकेचं खातं आताच आईच्या नावानं करा. ते नावापुरतं नको. सोलां आई करते, तर सह्या आणि पैसेही तिच्याकडे राहू देत, आणि मुलीनं शीट आणि फोन सांभाळावा. आईला शीट वाचता येत नसेल तर दर रविवारी मुलीनं ती वाचून दाखवावी.

पर्वरीच्या बाईंना मात्र आजच फोन करायला सांगा. मेसेज नको, फोन.