चांदीचं ‘निकेल’?

प्रश्न: भाच्याने अमेरिकेतून पाच सेंटची जुनी नाणी जमवून आणली आहेत. त्यात १८५३चं एक चिमुकलं चांदीचं नाणं आहे. त्यालाही ‘निकेल’ म्हणावं का? आणि तो निकेल, की ते निकेल?

म्हणू नये. पाच सेंट दिसले की ‘निकेल’ म्हणायची खोड नाणी जमवणाऱ्यांनाच जास्त. ऐकून कान किटले. तुमचं नाणं ‘हाफ डाइम’. डाइम म्हणजे डॉलरचा दशांश, दहा सेंट; शब्द लॅटिन ‘डेसिमा’ फ्रेंचमार्गे आलेला. त्याचा हा अर्धा. पाच सेंटचं निकेल १८६६ला आलं, आणि १८७३पर्यंत दोन्ही नाणी शेजारी शेजारी पाडली गेली.

गंमत आहे ती ‘निकेल’ या शब्दात. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या खाणींत तांब्याच्या खनिजासारखं दिसणारं लालसर खनिज सापडे. भट्टीत कितीही भाजा, तांबं निघेना. खाणीतल्या भुताने फसवलं म्हणून कामगारांनी त्याला ‘कुप्फरनिकेल’ म्हटलं. कुप्फर म्हणजे तांबं, निकेल म्हणजे खोडकर भूत. आपल्या कोकणातल्या माणसाने सरळ ‘तांब्याचा चकवा’ म्हटलं असतं! १७५१मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट या रसायनशास्त्रज्ञाने तशाच एका खनिजातून नवा धातू वेगळा काढला आणि नाव देताना तांबं गाळून भूत तेवढं ठेवलं. एक व्युत्पत्तिपंडित इथे संत निकोलस आणि पाठोपाठ सांताक्लॉजला आणून बसवतात. निकेल हे निकोलसचं लाडकं रूप, कबूल. पण भट्टीपुढे घाम गाळून हात रिकामे राहिलेला माणूस संताचं नाव घेत नव्हता, शिवी हासडत होता.

‘नाणं निकेलचं, म्हणून निकेल’ हेही अर्धवट. त्यात ७५ टक्के तांबं, निकेल जेमतेम २५! १९४२ ते १९४५मधल्या युद्धकाळातल्या नाण्यांत तर निकेल औषधालाही नाही: ५६ टक्के तांबं, ३५ टक्के चांदी, ९ टक्के मँगनीज. तरी ती ‘वॉर निकेल’च. यात नवल कसलं? आपण स्टीलचा तांब्या रोज उचलतोच की. एकदा वस्तूला नाव चिकटलं की धातू बदलला तरी ते सुटत नाही. हाफ डाइमला मात्र ते कधी चिकटलंच नव्हतं. तिथे ओढूनताणून लावू नका.

हां, लिंगाचं राहिलंच. ते निकेल, ते नाणं म्हणून. धातू असेल तर वाद घालू.