तिचं नाव तिला सांगू द्या

तुमच्या दोन पानी पत्रातलं दीड पान नणंदबाईंनी व्यापलंय. लेक नऊ वर्षांची, तिला डाउन सिंड्रोम आहे, आणि नणंदबाई तिच्यादेखत म्हणतात, "तिला काय कळतंय?" त्यांना समजवावं की संबंधच कमी करावेत, असं तुम्ही विचारलंय. त्यांचं नंतर बघू. मी अडखळले ती शेवटाकडच्या एका ओळीवर: "कुणी नाव विचारलं की मीच पटकन सांगून टाकते, उगाच तिची फजिती नको."

नणंदबाई जे तोंडानं म्हणतात, तेच तुम्ही रोज वागण्यातून म्हणताय. राग येईल, येऊ द्या.

डाउन सिंड्रोम असलेल्या बहुतेक मुलांना बोलता येतं त्याहून पुष्कळ जास्त समजतं. प्रश्न कानावर पडला की त्याचा अर्थ लावायचा, शब्द शोधायचा, मग जीभ, ओठ, जबडा कामाला लावून तो बाहेर काढायचा. स्नायू मुळातच सैल, म्हणून शेवटची पायरी फार कष्टाची. तुमची लेक त्या पायरीवर असते आणि तेवढ्यात तुमचा आवाज येतो. नऊ वर्षं असंच होत राहिलं तर तिनं धडपड तरी का करावी? फजितीची भीती तुम्हाला वाटते. तिला वाटते का, हे कधी विचारलंत? आणि विचारून थांबलात?

उद्यापासून एकच करा. तिला कुणी काही विचारलं की तोंड मिटून मनात सावकाश दहापर्यंत मोजा. ओठ हलवून सुचवायचं नाही, पाठीवर हात ठेवून ढकलायचं नाही. समोरचा अवघडेल, त्याला अवघडू द्या. तिनं खूण केली, बोट दाखवलं, तर तेही उत्तरच आहे. खुणांची सवय लागली की मूल बोलायचं राहतं, ही समजूत चुकीची आहे. खुणा शब्दांना आधार देतात. उच्चार अस्पष्ट आला तर दुरुस्त करू नका. ज्याला कळलं नाही तो तिलाच पुन्हा विचारेल.

आणि हो, पत्रात ऐकण्याच्या तपासणीचा कुठेच उल्लेख नाही. या मुलांच्या कानातल्या नळ्या अरुंद असतात, पडद्यामागे चिकट द्रव साचतो आणि ऐकू येणं कमीजास्त होत राहतं. घरच्यांना मात्र वाटतं, मूल लक्षच देत नाही. ही तपासणी दरवर्षी हवी, थायरॉइडचीही. वर्षभरात झाली नसेल तर याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.

आता नणंदबाई. पुढच्या वेळी त्या "तिला काय कळतंय?" म्हणाल्या की एवढंच म्हणा, "तिलाच विचारा ना." आणि मनातल्या मनात मोजायला लागा.