दूधसागरची जीप-सहल

प्रश्न : डिसेंबरात सत्तरीच्या आईवडिलांना गोव्यातला दूधसागर धबधबा दाखवायचा आहे. कुळे गावाहून जीपने झेपेल?

उत्तर : कंबर-गुडघे धड असतील तर झेपेल. एका जीपमध्ये सात जण. वडीलधाऱ्यांना पुढची सीट मागा, मागच्या बाकांवर हाडं खिळखिळी होतात. वाटेत ओढे लागतात, त्यामुळे पिशवी पायाशी नको, मांडीवर घ्या. खरी कसोटी जीप थांबल्यावर, शेवटच्या दगडधोंड्यांच्या पायवाटेवर. तिथे चपला चालत नाहीत. पकड असलेले, भिजले तरी चालतील असे बूट हवेत. लाइफ जॅकेट सक्तीचं आहे, पट्टे आवळूनच धबधब्याखालच्या डोहात उतरा. माकडं खाऊ हिसकावतात. धबधबा ३१० मीटर उंच, पण मार्चपर्यंत धार रोडावते. डिसेंबर बरा. पावसाळ्यात जीप बंद!