घानामध्ये कॅन्सरवर नीट उपचार मिळतात का?

ताई, तुमच्या यजमानांची घानाची राजधानी अक्राला बदली होते आहे. सासूबाईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो दोन वर्षांपूर्वी झालंय, आता फक्त गोळ्या चालू आहेत, आणि त्यांना सोबत नेलं तर तिथे सोय होईल का, असं तुम्ही विचारलंय. मी 2014 ते 2023 अक्राशेजारच्या टेमा बंदरात एका कारखान्यात हिशेब बघायचो. मी डॉक्टर नाही. पण आमच्या कँटीनमधल्या एका बाईंबरोबर वर्षभर रुग्णालयाच्या फेऱ्या मारल्या आहेत, त्या अनुभवावर लिहितो.

आधी तुमच्यापुरतं सांगतो. न्यायला हरकत नाही. अक्रात कॅन्सरचे चांगले डॉक्टर आहेत, तपासण्या होतात, नेहमीच्या हार्मोनच्या गोळ्या मोठ्या औषधदुकानांत मिळतात. तुमच्यामागे कंपनीचा विमा असेल, गाडी असेल आणि वेळ आलीच तर मुंबईचं तिकीट काढायची ऐपत असेल. तिथल्या सर्वसाधारण माणसाकडे यातलं काहीच नसतं. म्हणून ‘घानात उपचार मिळतात का’ याला माझं उत्तर असं: सुरू होतात. शेवटापर्यंत जाणं फार थोड्यांना जमतं.

आमच्या कँटीनमध्ये केंकी विकायला एक बाई यायच्या. केंकी म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा गोळा, कणसाच्या सालात गुंडाळून उकडलेला. सोबत तळलेला मासा आणि झणझणीत मिरचीचा ठेचा. सगळे त्यांना आँटी म्हणायचे, मीही. वय पंचेचाळीसच्या आतलं. गाठ लागल्यावर जवळजवळ वर्षभर त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ट्वी भाषेत कॅन्सरला ‘कोकोराम’ म्हणतात, आणि हा शब्द बायका आवाज खाली करूनच उच्चारतात. स्तन काढला की नवरा राहत नाही, रुग्णालयात गेलेली बाई परत येत नाही, अशी बोलणी त्यांच्या कानावर होती. आधी झाडपाला झाला. मग एका प्रार्थना-शिबिरात पाच आठवडे उपवास आणि प्रार्थना. जखम फुटून वास यायला लागला तेव्हा आमच्या पॅकिंग विभागातल्या एका मुलीने त्यांना हाताला धरून नेलं. तोवर कॅन्सर तिसऱ्या पायरीवर (स्टेज) पोचला होता.

त्यांना अडाणी म्हणणारे मला तिथेही भेटले, इथेही भेटतात. मला ते कधीच पटलं नाही. ज्यांनी कॅन्सर झालेलं फक्त मरताना पाहिलंय, बरं होऊन पुन्हा बाजारात बसलेलं कुणी पाहिलंच नाही, त्यांनी दवाखान्यावर भरवसा ठेवायचा तरी कशावर? कुमासी या घानातल्या दुसऱ्या मोठ्या शहरात डॉ. बिॲट्रिस वियाफे अडाई यांनी उभारलेली ‘ब्रेस्ट केअर इंटरनॅशनल’ ही संस्था गावोगावी तपासणी शिबिरं घेते, तेव्हा बऱ्या झालेल्या बायकांनाच सोबत नेते. त्यामागचं कारण मला आँटींमुळे समजलं.

आता पैशाचं. घानात 2003 च्या कायद्याने राष्ट्रीय आरोग्य विमा आला, आणि स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कॅन्सर त्यात बसतो. पुढे लहान मुलांचे चार कॅन्सरही त्यात घेतले. गरीब देशाच्या मानाने ही मोठी गोष्ट आहे. पण आजाराचं नाव यादीत असलं म्हणजे सगळा खर्च सुटला असं होत नाही. आँटींच्या बायोप्सीचे आणि गाठीचा प्रकार ठरवणाऱ्या पुढच्या तपासणीचे पैसे खिशातून गेले. स्कॅनचे गेले. आपल्या भिशीसारखं तिथे ‘सुसू’ असतं. गोळा करणारा रोज दुकानाशी येऊन थोडे थोडे सेडी, म्हणजे तिथले पैसे, घेऊन जातो. आँटींचं सगळं सुसू पहिल्या महिन्यातच संपलं, केमो सुरू व्हायच्याही आधी. आम्ही कारखान्यात वर्गणी काढली. तरी तिसऱ्या केमोनंतर त्या यायच्या बंद झाल्या. गाठ लहान झाली होती, जखम सुकली होती, आणि केमोच्या आठवड्यात केंकी लावता येत नसल्यामुळे गिऱ्हाईक दुसरीकडे चाललं होतं. मुलाची शाळेची फी थकली होती. त्यांनी हिशेब केला, आणि हिशेबनीस म्हणून सांगतो, त्यांच्याजागी मीही तोच केला असता. दोन महिन्यांनी गाठ पुन्हा वाढली तेव्हा त्या परत आल्या.

आणखी एक गोष्ट तिथेच कळली. घानातल्या बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर आपल्या समजुतीपेक्षा कमी वयात होतो, आणि ज्याला ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात त्या प्रकाराचं प्रमाण मोठं आहे. त्यावर हार्मोनच्या गोळ्याही चालत नाहीत आणि हर्सेप्टिन हे स्तनाच्या कॅन्सरच्या एका ठरावीक प्रकारावरचं महागडं इंजेक्शनही नाही. हर्सेप्टिन आता रोश कंपनी आणि विमा प्राधिकरण यांच्यातल्या करारामुळे ठरावीक रुग्णालयांत मिळू लागलंय, त्याचा मला आनंद आहे, पण आँटींच्या प्रकाराला त्याचा उपयोग नव्हता. त्यांना केमो, ऑपरेशन आणि शेक, एवढेच रस्ते होते, आणि तेही वेळच्या वेळी.

शेक, म्हणजे रेडिएशन, ही तर अंतराची गोष्ट आहे. मी होतो तेव्हा तीन कोटींवर लोकवस्तीच्या देशात शेक देणारी तीनच ठिकाणं होती: अक्रातलं कोर्ले बू, कुमासीतलं कोम्फो आनोच्ये आणि अक्रातलंच स्वीडन घाना मेडिकल सेंटर, जे खाजगी आहे. कोर्ले बू 1923 चं जुनं रुग्णालय, तिथे शेक 1997 मध्ये सुरू झाला, कुमासीत 2004 मध्ये. उत्तरेत एकही नव्हतं. सुरुवातीला दोन्ही सरकारी ठिकाणी कोबाल्टची, म्हणजे किरणोत्सारी धातूतून शेक देणारी, यंत्रं होती. कोबाल्टचा जोर साधारण पाच वर्षांत निम्मा होतो, म्हणजे तोच डोस द्यायला रुग्णाला जास्त वेळ झोपवावं लागतं आणि दिवसाकाठी कमी माणसं होतात. पुढे लिनॅक आली, म्हणजे विजेवर किरण तयार करणारी मशीन. ती अचूक, पण तिला स्थिर वीज लागते, आणि बिघडली तर सुटा भाग परदेशातून यावा लागतो. मी गेलो तेव्हा ‘डुमसोर’ जोरात होतं, म्हणजे वीज जाणं-येणं, तासन्‌तास अंधार. अशा देशात हे यंत्र रोज चालू ठेवणारे तंत्रज्ञ मला डॉक्टरांइतकेच मोठे वाटतात.

आँटी टेमाच्या, म्हणून त्यांचा शेक पूर्ण झाला. पहाटे ट्रोट्रोत, तिथल्या वडापमध्ये, बसायच्या आणि दुपारी परतायच्या. आमच्याच गोदामातला एक मुलगा पार उत्तरेतल्या बोल्गातांगाकडचा. त्याच्या वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. रात्रभर बस करून ते अक्राला आले, डॉक्टरांनी कित्येक आठवडे रोज शेक सांगितला, आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला: मी इथे झोपू कुठे? परळला टाटाच्या बाहेर फुटपाथवर पथारी टाकलेली आपली माणसं मी लहानपणापासून पाहिलीत, त्यामुळे तो प्रश्न मला कुणी समजावून सांगावा लागला नाही. ते चौथ्या दिवशी गावी परतले.

मी सोडल्यानंतर काही चांगलं घडलंय. 2025 मध्ये मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूवरची, लस द्यायला सुरुवात झाली, आणि त्याच वर्षी मोठ्या आजारांच्या खर्चासाठी सरकारी निधी आला, ज्याला लोक राष्ट्राध्यक्ष महामांच्या नावावरून महामाकेअर्स म्हणतात. त्यातून प्रवासाचे आणि राहण्याचे पैसे मिळाले तर बोल्गातांगाच्या माणसालाही शेक पूर्ण करता येईल.

तुमच्या तयारीचं. घानात शिरायला पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड लागतं, आणि भारतात परतताना इथेही ते बघतात. ही जिवंत लस आहे. साठीपुढच्या आणि कॅन्सरचे उपचार झालेल्या माणसाला ती द्यायची की नाही हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, तेव्हा तिकीट काढण्याआधी त्यांना विचारा. द्यायची असेल तर निदान दहा दिवस आधी, तोवर कार्ड ग्राह्य धरत नाहीत. निदान तीन महिन्यांच्या गोळ्या आणि चिठ्ठी सोबत न्या. बायोप्सीचा मूळ रिपोर्ट, हार्मोनच्या तपासणीचा कागद आणि केमोचा तपशील यांच्या प्रती सामानात वेगळ्या ठेवा. आँटींचा एक कागद एका प्रयोगशाळेत हरवला तेव्हा तीन आठवडे फुकट गेले. विम्याच्या कराराची प्रत मागून आधीपासूनचा कॅन्सर त्यात बसतो का, हे शब्दन्‌शब्द वाचा. घरातल्या सगळ्यांनी हिपॅटायटिस-बीची लस घ्या. तिथे हा विषाणू बराच आहे आणि पुरुषांमधल्या यकृताच्या कॅन्सरचं ते एक मोठं कारण आहे. दुसरं कारण म्हणजे बुरशी लागलेले दाणे आणि मका, तेव्हा बाजारातून शेंगदाणे आणलेत तर निवडून घ्या, काळे पडलेले सरळ टाका.

मी निघालो तेव्हा आँटी कँटीनच्या दाराशीच बसत होत्या, निम्म्याच टोपलीसह. आता त्यांच्याकडे नव्या बायका गाठ दाखवायला येतात, आणि त्या टोपली मुलीवर सोपवून त्यांच्याबरोबर रुग्णालयात जातात.