सोलारची वीज साठवायला बॅटरीऐवजी फ्लायव्हील का वापरत नाहीत?

'ना केमिकल, ना चार्जिंगच्या सायकल संपायची भीती, मग घरी का नाही' असं तुम्ही विचारलंय. फ्लायव्हील म्हणजे जोरात फिरणारी जड चकती, वीज देऊन ती फिरवायची आणि हवी तेव्हा त्या फिरण्यातूनच वीज परत घ्यायची. आधी हिशोबच करून बघू. १ मीटर व्यासाची, १ टन वजनाची भरीव स्टीलची चकती घ्या आणि ६००० आरपीएमने (मिनिटाला ६००० फेरे) फिरवा, तर तिच्यात साठते जेमतेम ७ युनिट वीज. बास एवढीच.

आता म्हणाल वजन वाढवू. वाढवा, पण वजन दुप्पट तर ऊर्जाही दुप्पटच, आणि स्पीड दुप्पट केला तर चौपट, म्हणून सगळे स्पीडच्या मागे लागतात. पण वरच्या चकतीची कड आत्ताच सेकंदाला ३१४ मीटरने पळतेय, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जवळपास, त्यामुळे हवेत ठेवली तर घर्षणातच सगळं जाणार, मग व्हॅक्यूम (हवा काढलेली पेटी) आला, चकतीला न टेकता चुंबकाने तोलून धरणारं मॅग्नेटिक बेअरिंग आलं, आणि खर्च इथेच वाढतो. शिवाय स्पीडला मर्यादा आहे ती मटेरियलची, चकती स्वतःच्याच ताणाने फाटते. किलोमागे किती ऊर्जा बसेल हे मजबुती भागिले घनता यावर ठरतं, म्हणून हलकं असूनही कार्बन फायबर स्टीलला मागे टाकतं. (आणि फुटलीच तर? ७ युनिट म्हणजे साधारण ६ किलो टीएनटी स्फोटकाएवढी ऊर्जा. स्टीलचे मोठे तुकडे उडतात, म्हणून बऱ्याचदा जमिनीखालीच पुरतात.)

पण माझ्या मते घरासाठी खरी अडचण वेगळीच आहे, गळती. समजा बेअरिंग, व्हॅक्यूम पंप वगैरे मिळून सतत १०० वॉट जातात, तर संध्याकाळी ६ ते सकाळी ६ मध्ये १.२ युनिट काहीच न वापरता गायब. सोलारला साठवण रात्रभर टिकायला हवी आणि फ्लायव्हील नेमकं तिथेच कच्चं.

त्याचा जोर आहे तो पटकन घेण्यात आणि पटकन देण्यात, तेही हजारो वेळा. न्यूयॉर्क राज्यात स्टीफनटाउनला २०११ पासून २०० फ्लायव्हील आहेत, २० मेगावॉट देतात पण फक्त १५ मिनिटं, काम ग्रिडची फ्रिक्वेन्सी सांभाळायचं, म्हणजे विजेची मागणी-पुरवठा क्षणोक्षणी जुळवून ठेवायचा. इंग्लंडमधल्या कल्हमच्या 'जेट' (JET) नावाच्या, अणू जोडून ऊर्जा मिळवण्याचे प्रयोग करणाऱ्या फ्यूजन मशीनला तर प्रत्येकी ७७५ टनांचे दोन रोटर (फिरणारे भाग) होते, फक्त २२५ आरपीएमचे, दोन प्रयोगांच्या मधल्या वेळात हळूहळू फिरवून घ्यायचे आणि मग काही सेकंदांत ती पॉवर मॅग्नेटमध्ये ओतायची.